आई घरी नव्हती, हेही लिहा

पत्र:

ताई, नमस्कार.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझी आई गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर आलंय. त्या दिवशी संध्याकाळी भावाने नातेवाईक, शेजारी आणि आईच्या नोकरीतल्या बायकांना बोलवायचं ठरवलंय. एक स्मरणिकाही छापतोय. त्यातली दोन पानं मी लिहायची आहेत. मथळा त्याने आधीच देऊन ठेवलाय, 'त्यागमूर्ती आई'.

आईचं लग्न सतराव्या वर्षी झालं, शाळा नववीत सुटली. तेहतिसाव्या वर्षी तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली आणि १९९१ साली, चौतिसाव्या वर्षी, एएनएमला, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सच्या शिक्षणाला लागली. दीड वर्ष दुसऱ्या जिल्ह्यात, वसतिगृहात. मी बारा वर्षांची होते, भाऊ सात. वडिलांच्या सातपूरला पाळ्या. आजी घरात होती, पण तिला दिसायचं कमी. भावाचा डबा, दळण, पाणी माझ्याकडे. माझ्या वेण्या शेजारच्या काकू घालायच्या. पुढे आईला पेठ तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर नोकरी लागली. आठवडाभर तिकडेच, शनिवारी रात्रीच्या एसटीने घरी. मार्च महिन्यात आली तरी कुणाशी धड बोलायची नाही. पल्स पोलिओचा रविवार असला की येणंच नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र ती पूर्णपणे माझ्या मुलीची झाली. तिला शाळेत सोडणं, आणणं, गोष्टी सांगणं, रोज वेण्या घालणं. मुलगी आता बारावीला आहे. म्हणते, मी आजीसारखी नर्स होणार, आजीसाठी. माझा भाऊ म्हणतो, व्हायचंच तर डॉक्टर हो, नर्स कशाला?

मी लिहायला बसते. 'आईने आमच्यासाठी सगळं केलं' एवढं वाक्य होतं आणि पुढे हात चालत नाही. खरं लिहिलं तर आईची बदनामी, खोटं लिहिलं तर माझी मलाच लाज. काय करू?

उत्तर:

नमस्कार.

पहिलं काम, भावाला फोन करून तो मथळा काढायला सांगा. तुमचा हात त्या मथळ्यापाशीच अडतोय. दोन मुलं पदरात असताना तेहतिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरणारी बाई काहीतरी सोडत नव्हती, काहीतरी मागत होती. तो फॉर्म आणायला ती एखाद्या शाळेच्या खिडकीपाशी उभी राहिली असेल. मागेपुढे तिच्या निम्म्या वयाची मुलं. परीक्षेच्या हॉलमध्ये बाकावरचा नंबर शोधताना पर्यवेक्षकाने 'पालकांनी बाहेर थांबा' म्हटलं असलं तरी मला नवल वाटणार नाही. बीजगणित, भूमिती, इंग्रजी, सोळा वर्षांच्या खंडानंतर. हे सगळं निव्वळ घराला हातभार म्हणून कुणी करत नाही. हातभार हे कारण सासरी सांगायला सोयीचं होतं, आणि पैशांची गरजही खरीच असणार. पण त्याखाली एक हट्ट होता. तुमच्या दोन पानांत तो हट्ट आला, तर बाकीची स्मरणिका कशीही असली तरी चालेल.

आता बदनामीचं. चौतीस वर्षांची बाई वसतिगृहात राहून शिकली, यात बदनामी कुठे आहे? गल्लीतल्या प्रत्येकाला ते तेव्हाच माहीत होतं. ज्या काकूंनी तुमच्या वेण्या घातल्या, त्या जर आज असतील तर कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसतील. त्यांच्यासमोर 'आईने आमच्यासाठी सगळं केलं' असं वाचणार आहात का? त्यांच्या कंगव्याचं काय?

तुम्ही 'सगळं' लिहिलंत म्हणून वाक्य मेलं. काय केलं आणि काय केलं नाही, हे लिहिलंत तर ते चालू लागेल.

तुमच्या पत्रातला मार्च महिना मला फार बोलका वाटला. तुम्हाला तो आईचा स्वभाव वाटतोय. थोडा असेलही. पण तिची नोकरी सुरू झाली त्या काळात गावपातळीवरच्या नर्सला कुटुंबनियोजनाचं 'टार्गेट' असायचं. वर्षाला इतक्या ऑपरेशनच्या केसेस, इतक्या तांबी. हिशेबाचं वर्ष मार्चअखेर संपायचं, त्यामुळे फेब्रुवारीपासून तालुक्याच्या सभांमध्ये एकेकीला उभं करून आकडा विचारला जायचा. आकडा कमी असला तर चार लोकांत बोलून घ्यायचं. ज्या बाईने अजून दुसरं मूल पाहिलेलं नाही तिच्या दारात जाऊन तिला ऑपरेशनला तयार करायचं, आणि तेच मूल आजारी पडलं की त्याच बाईने विश्वासाने आपल्याकडे यावं अशी अपेक्षाही ठेवायची. एप्रिल १९९६ मध्ये केंद्र सरकारने ही उद्दिष्टं देशभर अधिकृतपणे रद्द केली. कागदावर रद्द झाली म्हणून सभांमधला सूर एका रात्रीत बदलला असेल असं नाही. म्हणजे आईची पहिली दोन-तीन वर्षं तरी ऐन टार्गेटच्या काळातली. शनिवारी रात्री ती घरी येऊन गप्प बसायची तेव्हा तिच्या डोक्यात कोणता आकडा फिरत होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला कोण सांगणार म्हणा!

रविवारांचंही तसंच. पल्स पोलिओची मोहीम १९९५ मध्ये देशभर सुरू झाली. बूथचा रविवार एक, पण त्याचं काम आदल्या आठवड्यापासून चालायचं आणि पुढे घरोघर फिरण्यात दोन-तीन दिवस जायचे. डोस घेतलेल्या पोराच्या डाव्या करंगळीवर शाई. घराच्या भिंतीवर खडूने खूण. सगळी मुलं झाली असली तर 'पी', एखादं राहिलं असलं तर 'एक्स'. त्या 'एक्स'च्या घरी पुन्हा जायचं. पोर मामाकडे गेलेलं असेल, नाहीतर आईबाप द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरलेले असतील आणि पोरं त्यांच्याबरोबर. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला भारतासह आग्नेय आशियाला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं. तुमच्या आईची नोकरी या सगळ्या काळात होती, सुरुवातीपासून प्रमाणपत्रापर्यंत. तुमच्या घरचे कितीतरी रविवार त्यात गेले. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहा. एकीने दुसरी खोडली जात नाही.

आणि कृपा करून एक दिवस पेठला जा. तुमच्या लिहिण्यासाठी ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता. शक्य असेल तर गाडी घरी ठेवा आणि एसटीने जा, सावळघाट चढता-उतरता ती शनिवारी रात्री कशी येत असेल ते जरा कळेल. तेव्हा रस्ता आजच्यासारखा नव्हता, आणि पावसाळ्यात तर घाटात काय होईल ते सांगता यायचं नाही.

जाण्याआधी घरातली तिची कागदपत्रं काढा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, बदल्यांचे आदेश, सेवापुस्तकाची प्रत असेल तर ती, एखादी जुनी दैनंदिनी. बदल्यांच्या आदेशांवरून गावं आणि तारखा लागतील. मग माणसं शोधा. तिच्या वरच्या आरोग्य सहाय्यिका, ज्यांना सगळे एलएचव्ही म्हणतात. तिच्याबरोबरचा आरोग्य सेवक. आशा कार्यकर्त्या २००५ नंतर आल्या, त्यांतल्या काही अजून कामावर असतील. आणि गावातली म्हातारी सुईण हयात असेल तर सगळ्यांत आधी तिच्याकडे जा. नव्या नर्सबाईचं आणि सुईणीचं पहिल्या वर्षी सहसा पटत नाही, आणि नंतर त्या दोघींशिवाय गावाचं चालत नाही. तुमच्या आईचं काय झालं ते ती सांगेल.

'आई कशी होती?' असं विचारू नका. 'फार चांगल्या होत्या हो' एवढं उत्तर मिळेल आणि चहा येईल. त्याऐवजी विचारा, ती कुणाला घाबरायची? रात्री हाक आली तर कशावर जायची? कोणती डिलिव्हरी अवघड झाली होती? कुणाशी भांडली होती? काय चुकलं होतं का? शेवटचा प्रश्न विचारायला जड जाईल, पण विचारा. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ मध्ये सुरू झाली. म्हणजे तिच्या नोकरीतला बहुतेक काळ अडलेल्या बाईला खाली आणायचं ते मिळेल त्या जीपने, आणि जीप जिथे पोचत नाही तिथून झोळी करून. पेठच्या ग्रामीण रुग्णालयात, तिथून नाही झालं तर नाशिकच्या सिव्हिलला. त्यातल्या सगळ्या पोचल्या नसतील. ज्या पोचल्या नाहीत त्यांच्याबद्दल तिने घरी कधी बोलल्याचं तुम्हाला आठवतंय का? मला वाटतं नसेल आठवत.

उपकेंद्रावर गेलात की आताच्या सिस्टरना लसीची पेटी दाखवायला सांगा. खांद्याला अडकवायची, आत चार आइसपॅक. लस दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहिली पाहिजे. ऊन लागलं तर पोलिओ आणि गोवर वाया, आणि बर्फाला चिकटून गोठली तर डीपीटी वाया. म्हणजे जास्त थंडही चालत नाही. बीसीजी आणि गोवराची बाटली एकदा पाणी घालून तयार केली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. आता डोंगरातले पाडे डोळ्यांसमोर आणा. आदिवासी आणि डोंगराळ भागात एका उपकेंद्राला तीन हजार लोकसंख्या हा नियम, सपाटीवर पाच हजार. कागदावर तीन हजार कमी वाटतात. एका पाड्यावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये ओहोळ असतो, आणि घड्याळ बाटली उघडली तेव्हापासून चालू झालेलं असतं. पेटी खांद्यावर घेऊन चार तासांचा हिशेब करत चालणारी बाई शनिवारी घरी आल्यावर 'डबा कुणी केला' असं विचारायची राहून गेली असेल. मी तिची बाजू घेत नाही. विचारायला हवं होतं. पण तिचे ते तास कुठे गेले हे तुम्हाला कळावं असं मला वाटतं.

जुनी रजिस्टरं कुणी कौतुकाने दाखवली तर पाहा, तिचं अक्षर पाहा. फोटो मात्र काढू नका आणि त्यातलं एकही नाव स्मरणिकेत छापू नका. कुणाला कधी तांबी बसवली, कुणाचं मूल गेलं, हे त्या बायकांचं खासगी आहे. तुमच्या आईने ते इतकी वर्षं सांभाळलं.

जाता जाता एक जुनी गोष्ट. संसारात पडलेल्या किंवा संसारातून बाहेर फेकल्या गेलेल्या मोठ्या वयाच्या बायकांनी शिकावं आणि नर्स व्हावं, ही वाट आपल्याकडे फार आधी पडलेली आहे. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि ससून रुग्णालयाच्या आधाराने बायकांना या कामाचं शिक्षण मिळू लागलं. परक्याचं मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, परपुरुषाला हात लावायचा, हे चांगल्या घरच्या बायकांना शोभतं का, असं तेव्हा विचारलं गेलंच. तुमचा भाऊ २०२५ नंतर 'नर्स कशाला' म्हणतोय, तेव्हा तो प्रश्न अजून आपल्यातून गेलेला नाही एवढं लक्षात घ्या. स्वतःच्या आईच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ ठरवता ठरवता म्हणतोय, याची त्याला मजा वाटायला हवी.

तुम्ही पत्रात एक गोष्ट दोनदा लिहिलीत. बहुतेक तुमच्याही लक्षात आलं नसेल. वेण्या. तुमच्या वेण्या काकू घालायच्या, तुमच्या मुलीच्या वेण्या आई रोज घालायची. 'ती पूर्णपणे माझ्या मुलीची झाली' असं तुम्ही लिहिलंय. त्या वाक्यात आनंद आहे, आणि दुसरंही काहीतरी आहे, ज्याला तुम्ही नाव दिलेलं नाही. मी देते, रागावू नका. तुम्हाला तुमच्या मुलीचा हेवा वाटतो. अशा घरांतल्या कितीतरी मुलींना वाटतो आणि कुणी बोलत नाही, कारण स्वतःच्या मुलीचा हेवा ही काय सांगायची गोष्ट झाली का? पण बघा, तुम्हाला मिळाली ती चौतीस ते अठ्ठावन्न वयाची बाई, एक पाय एसटीत. तुमच्या मुलीला मिळाली ती अठ्ठावन्नाच्या पुढची, पेन्शनीतली, सकाळची घाई नसलेली. ती तुमच्या मुलीच्या केसांतून कंगवा फिरवत होती तेव्हा तिला तुमचे केस आठवत होते का? मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि आता विचारायला ती नाही. 'तिने तुमचंच देणं तुमच्या मुलीला फेडलं' असं म्हणणं सुंदर दिसेल. मी ते म्हणणार नाही. तुमचं बालपण तुमच्या मुलीला दिल्याने तुम्हाला परत मिळत नाही. ते राहिलं ते राहिलं.

म्हणून रागही लिहा. थोडा, पण लिहा. कसा, ते विचाराल तर नमुन्यादाखल: 'आई लोखंडी ट्रंक घेऊन शिकायला गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्या दीड वर्षात मी पोळ्या करायला शिकले, आणि तिच्यावर रागवायलाही. राग बरीच वर्षं टिकला. आता तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी झाल्यावर तिच्या जागी उभी राहून पाहते, तर मला फॉर्म भरायचं धैर्य झालं असतं का, याची खात्री वाटत नाही.' हे माझं झालं. तुमच्यापाशी ट्रंकेचा खरा रंग आहे, पहिल्या पत्रातला मजकूर आहे, पहिली करपलेली पोळी कुणी खाल्ली ते आहे. ते घाला. 'माउली', 'वात्सल्यसिंधू', 'सावली' असले शब्द भावाच्या पानांसाठी सोडून द्या, त्याला ते हवे आहेत.

भावाबद्दल जरा सांभाळून घ्या. तो सात वर्षांचा होता. आई शनिवारी यायची ती त्याच्यासाठी काहीतरी खाऊ घेऊन यायची असेल, आणि उरलेला आठवडा त्याला आई होती. ती तुम्ही होता. त्यामुळे त्याच्या आठवणीत आई गेलेलीच नाही. त्यागमूर्ती म्हणताना तो थोडं तुमच्याबद्दलही बोलतोय, त्याला कळत नसलं तरी. भांडण नको. 'तुझी पानं तुझी, माझी दोन माझी, आणि मथळा दोघांचा' एवढा करार करा. मथळ्यासाठी तिचं नाव, जन्म आणि मृत्यूचं साल आणि खाली 'आरोग्य सेविका, जिल्हा परिषद, नाशिक' पुरे. फोटोवरून वाद होणारच. एक काठापदराच्या साडीतला, एक गणवेशातला, दोन्ही छापा. गणवेशातला फक्त ग्रुपफोटो असेल तर तोच छापा, कापून काढू नका. शेजारी उभ्या असलेल्या बायका कार्यक्रमाला येणार आहेत.

आणि तिच्या नावाने काही द्यायचं मनात असेल तर स्टीलचं बाकडं नको. गोदाघाटापासून गंगापूर रोडच्या बागांपर्यंत 'यांच्या स्मरणार्थ'ची बाकडी पुरेशी झाली. पेठला जाल तेव्हा तिथल्या सिस्टरना विचारा, काय कमी पडतं? बाळाचा वजनकाटा असेल, बीपीचं यंत्र असेल, नाहीतर पावसाळ्यात लाइट जाते तेव्हाचा चांगला चार्जिंगचा दिवा असेल. सरकारी केंद्राला वस्तू द्यायची तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीमार्फत द्या, पावती घ्या, म्हणजे वस्तू नोंदीवर येते आणि उद्या कपाटात पडून राहत नाही. किंवा नर्सिंगला लागलेल्या एखाद्या मुलीचा वर्षभराचा मेसचा खर्च उचला. लग्न झालेली, मुलं असलेली कुणी सापडली तर उत्तमच. आजही एएनएमच्या प्रवेशाला पस्तीस वर्षांची मर्यादा आहे. तुमची आई चौतिसाव्या वर्षी गेली. तेव्हाही हीच मर्यादा असेल, तर आणखी एक-दोन वर्षं विचार करत बसली असती तर ती कदाचित नर्स झालीच नसती, हेही तुमच्या दोन पानांत यायला हरकत नाही.

आता लेकीचं. 'आजीसाठी' हे कारण घेऊन तिला प्रवेशाच्या रांगेत उभं करू नका. आजीची आठवण पहिल्या रात्रपाळीपर्यंत पुरते. दुसऱ्या रात्रपाळीला स्वतःचं कारण लागतं. तिला विचारा, आजी नसती तरी हे केलं असतंस का? उत्तर लगेच मागू नका. बारावीची परीक्षा झाली की ओळखीच्या एखाद्या स्टाफ नर्सशी तिची गाठ घालून द्या. तिच्या ड्युटीच्या वेळा, एका वॉर्डात किती पेशंट, नातेवाइकांच्या शिव्या, खासगी रुग्णालयांतले लाजिरवाणे पगार, सगळं तिच्या तोंडून ऐकू द्या. शिवाय आजीचं काम आणि रुग्णालयातलं काम यांत फरक आहे. आजी गावात फिरणारी होती, वॉर्डातली नव्हती. मुलीला नेमकं कोणतं आवडलंय? आजीने सांगितलेल्या गोष्टींमधल्या पायवाटा आवडल्या असतील तर तिला सांगा की आता उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असं पद आलं आहे आणि बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही तिथे जाता येतं.

आईच्या वेळी दहावीवर दीड वर्षाचं एएनएम होतं. आता बारावी लागते आणि एएनएम दोन वर्षांचं झालंय. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. तुमची मुलगी सायन्सला असेल आणि जीवशास्त्र घेतलं असेल, तर माझं मत सरळ बी.एस्सी.चं. पुढे एम.एस्सी., शिकवणं, सरकारी भरती, परदेश, सगळ्याला तीच पदवी कामी येते. ही पदवी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं मुख्यालय तुमच्याच गावात, म्हसरूळला आहे, त्यामुळे कोणतं कॉलेज संलग्न आहे आणि कोणतं नुसतंच पाटी लावून बसलंय, हे तपासायला तुम्हाला कुठे लांब जायचं नाही. तपासाच. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल या दोन्हींची मान्यता पाहा. चकचकीत माहितीपत्रक आणि संलग्न रुग्णालयच नाही अशा ठिकाणी फी भरून बसलेल्या मुलींची पत्रं मला येतात.

मामाला डॉक्टर हवा असेल तर त्याचीही मुलं मोठी होतीलच.

स्मरणिका छापायला जायच्या आत पेठची फेरी उरका. लेकीला बरोबर न्यायचं की नाही ते तिच्या अभ्यासावर ठरवा, पण नेलीत तर सुईणीपाशी तिला बसवा आणि तुम्ही थोडा वेळ बाहेर थांबा. प्रवेशासाठी बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी द्यावी लागते. अर्ज भरायची मुदत निकालाच्या आधीच येऊन जाते, तेव्हा सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आतापासून नजर ठेवा. अधिवासाचा दाखला, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर, यांचे अर्ज याच महिन्यात टाका. जून-जुलैमध्ये सेतू केंद्रावर उभं राहायलाही जागा नसते.